हद्दूच्या अंगाखाली बर्फ नव्हता

(अॅटलासच्या डोंगरात, देवदारांच्या रानाकडेचं गाव. वनरक्षक हद्दूच्या दफनानंतरचा तिसरा दिवस. सकाळी त्याची बायको इत्तो आणि गावचा पोलीस मीमून.)

इत्तो: चहा घ्या ना. गार होतोय.

मीमून: घेतला की मगाशी. दोन पेले झाले, वहिनी.

इत्तो: हो का? लक्षातच राहत नाही काही. बोला, साहेब.

मीमून: साहेब कधीपासून झालो मी? परवा खांदा दिला तेव्हा भाऊजी होतो.

इत्तो: आज टोपी घालून आलात.

मीमून: ही बघा, काढली.

इत्तो: असू द्या. कागद आणला असेल तर द्या. अंगठा करते.

मीमून: अंगठा नको. सही माझीच राहिलीय. लाकूडचोरांनी देवदार अर्धवट कापून सोडला होता, वाऱ्यानं तो हद्दूच्या अंगावर कोसळला, अपघात. असं लिहून ठेवलंय.

इत्तो: गावातही असंच म्हणतात.

मीमून: बर्फ कधी सुरू झाला होता, वहिनी?

इत्तो: सोमवारी, दिवेलागणीला. मंगळवारी उजाडायच्या आत थांबला.

मीमून: मंगळवारी दुपारी सात जणांनी मिळून ते झाड बाजूला केलं. हद्दूच्या अंगाखाली बर्फ नव्हता. कोरडा पाचोळा होता.

इत्तो: म्हणजे पाठ भिजली नव्हती ह्यांची.

मीमून: नाही.

इत्तो: बरं झालं. थंडी अजिबात सोसायची नाही त्यांना.

मीमून: वहिनी, नीट ऐका. करवतीचा भुसा बर्फाच्या वर होता. हद्दू बर्फाआधी पडला, आणि झाड कापलं बर्फ थांबल्यावर. मेलेल्या माणसावर कुणीतरी झाड पाडलंय.

इत्तो: थांबा, चुलीत लाकूड सारते.

मीमून: डोक्यामागची जखम दगडाची आहे. अंघोळ घालणाऱ्यांनीही पाहिली. कुणी बोललं नाही.

इत्तो: काल जेवायला सगळं गाव होतं. मांस जरा कच्चं राहिलं, पण नाव कुणी ठेवलं नाही.

मीमून: सोमवारी तो कुठं निघाला होता?

इत्तो: झऱ्याच्या वरच्या रानात.

मीमून: तिकडं तर त्याची फेरी नसते. कुणी सांगितलं त्याला?

इत्तो: मी.

मीमून: तुम्हाला काय ठाऊक तिथलं?

इत्तो: माझ्या भावाचं जेवण मीच बांधून देते, भाऊजी. बासू कुठं कापतो, कुणाच्या ट्रकमध्ये भरतो, सगळं ठाऊक आहे मला. ह्यांनी दोनदा पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्यांदाही करणार होते. मीच म्हटलं, आता पुरे. जा, दोन थोबाडीत द्या आणि घरी घेऊन या. नाहीतर एक दिवस दुसरं कुणी पकडेल आणि तो तुरुंगात सडेल.

मीमून: त्याची बंदूक चौकीतच सापडली.

इत्तो: मीच म्हटलं नेऊ नका. आपलाच पोरगा आहे, घाबरेल.

मीमून: मग?

इत्तो: मग बासू एकटाच आला. बर्फ नुकता सुरू झाला होता. गरम पाणी दे म्हणाला. दिलं. बराच वेळ हात धूत बसला. मसुराचं सूप केलं होतं, ते तीन वाट्या प्यायला. मी विचारलं, हद्दू भेटले का? म्हणाला, नाही. ते पुष्कळदा चौकीतच झोपतात, म्हणून मीही झोपले.

मीमून: आणि मंगळवारी?

इत्तो: पहाटे निघाला. म्हणाला, दाजी आले नाहीत, शोधून येतो. करवत घेऊन गेला.

मीमून: शोधायला करवत?

इत्तो: दिसली मला. दारातच उभी होते. विचारलं नाही.

मीमून: तेव्हाच कळलं तुम्हाला?

इत्तो: काय कळलं ते ठाऊक नाही. आत गेले आणि कणीक मळली. खूप मळली. एवढ्या भाकरी कुणासाठी, आई म्हणाली.

मीमून: वहिनी, भुशाकडे फक्त माझंच लक्ष गेलं. भुसा केव्हाच विरघळलेल्या बर्फात वाहून गेला. संध्याकाळी कागद वर जायचा आहे. मी सही केली तर अपघातच राहील. तुमच्या आईचा, यामनाखालांचा, एकुलता एक मुलगा आहे तो. जावई गेला, आता मुलगाही...

इत्तो: तुम्हाला करवेल सही?

मीमून: वीस वर्षं पत्ते खेळलोय मी हद्दूबरोबर. म्हणून तर तुम्हाला विचारायला आलो.

इत्तो: परवा बासू कबरीत उतरला होता ना?

मीमून: हो. डोकं त्यानंच धरलं होतं.

इत्तो: सही करू नका.

मीमून: विचार करा. एकदा लिहिलं की माझ्या हातात काही राहणार नाही.

इत्तो: रडायला येत नाही मला, भाऊजी. बायका येतात, गळ्यात पडतात, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. तो आत आहे तोवर मला रडू यायचं नाही.

मीमून: आत? बासू इथं आहे?

इत्तो: मागच्या खोलीत. दफनावरून आला तेव्हापासून नुसता झोपून आहे.

मीमून: पळून नाही गेला?

इत्तो: कुठं जाणार? दुसरं घर कुठं आहे त्याला?

मीमून: तुम्ही इथंच बसा. मी बघतो. बाहेर दोघं उभे आहेत माझे.

इत्तो: थांबा. हाका मारू नका त्याला, दचकतो. मीच उठवते. लहानपणापासून मीच उठवते त्याला.