घुंगराची काठी

—अन् तिथं नको बसू, महागूभाऊ, तो स्टूल गिऱ्हाइकाचा हाय. इकडं ये, गमबुटाच्या खोक्यावर बस. हौ, तसाच. तोंडावरचा दुपट्टा राहू दे, सोडू नको — गरम होत असन, मले समजते, पन राहू दे. मागच्या खेपेले तुनं सोडला अन् ती बाई पोरीले घेऊन दारातूनच परत गेली, आठवते ना? पोरगी तर रडाले लागली. बूट घ्यायले आलती बिचारी. एकटाच आला का? वहिनी कुठं हाय? बाजाराकडं बोट दाखवते — भाजी घ्यायले गेली? बरं झालं. तिच्या समोर मले दोन शब्द बोलता येत नाई. आता तुले तर बोलताच येत नाई, अस्वलानं जबडा नेला अन् जीभ अर्धी ठेवली, म्हनून मलेच दोघाचं बोला लागते. मी इचारतो, मीच सांगतो. तू मुंडी हालवत जा. काय पाहिजे? बोट कुठं करून राह्यला? वरतं? काठी? थांब, काठीचं मंग पाहू. पयले दम घे, परसवाड्याहून आला तू, सकाळच्या बसनं लटकत आला असशीन.

दुकान पायलं का, कसं भरलं? मागच्या साली इथं निस्ती स्लीपर होती, बाबाच्या वेळची. आता पाय. हे बूट पाय, घोट्याच्या वरतं येते, काटा आत जात नाई, साप चावला तरी दात अडकते — निदान मी तसंच सांगतो. ही पॅराशूटची दोरी, बारीक हाय पन दोन मानसं लटकली तरी तुटत नाई. ही सळई, घासली का ठिनगी पडते, पावसातही पडते. अन् माझा सगळ्यात आवडता हा चाकू, मूठ पाय, सागाची, मीच बसवली. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः घेऊन जातो, बासाचा कोंब सोलतो, मजा येते. गिऱ्हाईक इचारते, चंद्रशेखरभाऊ, तुमाले हे सारं येते कुठून? मी म्हनतो, लहानपनापासून जंगलात जात आलो. खोटं बोलतो. स्लीपर इकणाऱ्याचं पोरगं मी, जंगल म्हनलं का मले फक्त रस्त्यावरून दिसे. सारं तुझंच शिकवनं. सेमलाचा, म्हंजे सावरीचा, कापूस चकमकीवर कसा धराचा, पानी वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरलं तर दुपारपर्यंत थंड राह्यते, पावसात छत्री नाई घ्याची, बासाची खुमरी डोक्यावर घ्याची म्हंजे दोन्ही हात मोकळे. ते खुमरीचं तर म्या लय इकलं. मलाजखंडच्या खदानीतले इंजिनियर लोक बैठकीत भिंतीवर लावते. डोक्यावर कोनी घालत नाई, पन घेते. तू बनवून देत होता तवा बरं होतं, आता किरनापूरचा एक मानूस बनवते, त्याची विन तुझ्यासारखी बसत नाई. तुझे हात तर चांगले हायेत ना अजून? मंग घरी बसून काहून नाई बनवत?

हे जाकेट ओळखलं का? हात लावून पाय. हौ, तेच. तुझंच. जंगलाच्या रंगाचं, आठ खिशाचं, साहेबायले जंगल दाखवाले नेलं त्या दिवशी म्या तुले घालून दिलं होतं — साहेब लोकायसमोर तू बंडी अन् टायरच्या चपलीत उभा राह्यला असता तर कसं दिसलं असतं, सांग. रक्त निंगालं, दोन धुन्यात निंगालं. अन् हे खांद्यावर पाय — नखाची वरखड हाय फक्त. शिलाई उसवली नाई. एक टाका नाई. गिऱ्हाइकाले मी हेच दाखवतो, म्हनतो, अस्वलाच्या पंज्यात जाऊन आलेलं जाकेट हाय, मानसाचं तोंड गेलं पन कापड फाटलं नाई. लोक हात लावून लावून पायते. मंग नवीन घेते. असा काहून पायते? तुले काय कामाचं आता ते. तुझ्या नावानं तर सांगत नाई मी कोनाले, निस्तं एक मानूस म्हनतो.

अन् काठी. काठी देत नाई, महागूभाऊ, आधीच सांगून देतो. तुझीच हाय, मान्य, पन आता ती दुकानाची शोभा हाय. लोक आत आले का पयले वरतं पायते, इचारते हे काय, मंग मी सांगतो — चैतात मोहाचं फूल पडते, गावातले लोक पहाटचे येचाले जाते, अन् अस्वलही मोह खायलेच येते, म्हनून काठीले घुंगरू बांधते. काठीवाला जाताना सगळ्यायच्या म्होरं, येताना सगळ्यायच्या मांगं. झाडाजवळ पोचला का तीनडाव वाजवते अन् उभा राह्यते, जनावर उठून जाईपर्यंत कोनी खाली वाकत नाई. अन् काठीवाला कवाच पळत नाई. सारे निंगाले का मंग तो निंगते. लोकायले हे लय आवडते ऐकाले. तुनंच मले सांगतलं होतं, तुझ्या आंगनात बसून, सहा घुंगरू दाखवत — बैलाच्या गळ्यातले, एक फुटका, त्याचा आवाज बसक्यावानी येते. आता मोह पडाले लागला म्हनून काठी पाहिजे तुले, हो ना? झाडाखाली जातो म्हनतो? या तोंडानं? अस्वलच भेऊन जाईन, घुंगराची गरजच नाई.

हसलो, राग नको धरू.

अन् जाऊन करशीन काय? तुझ्या संग कोन येते आता? गावात लोक काय म्हनते मले माहीत हाय. साऱ्या गावाले घुंगरू बांधाले शिकवलं अन् सोता नवीन ड्रेस घालून मिरवाले गेला, घुंगरू घरी विसरला. लहान लहान पोरं म्हनते. आता ते म्याच सांगतलं होतं, मान्य हाय. दवाखान्यात साऱ्यायनं मले घेरलं, मंग काहीतरी सांगाच लागते. काठी हातात होती, घुंगरू नव्हते, तर घरी विसरला असन — असं निंगालं तोंडातून. वहिनीनं घर उलथंपालथं केलं म्हने. कोठीतलं धान काढलं, माळ्यावर चढली, चुलीची राख चाळली. नाई सापडले. तवापासून तुले काय काय बोलते ते तुमच्या गावचा भैयालाल सांगत होता, म्हने जेवन वाढते अन् रोज इचारते, ठेवले कुठं होते तुनं, डोळे फुटले होते का. अन् तू निस्ती मुंडी हालवते. लय हसलो आमी. म्हंजे हसाची गोष्ट नाई, पन भैयालाल सांगतेच तसं.

आता आपल्या दोघातच हाय म्हनून बोलतो. तू कोनाले सांगशीन? लिहता येत नाई, बोलता येत नाई, घशातून जे निंगते ते वहिनीलेही समजत नाई. घुंगरू म्या काढले, हौ. पन काहून काढले ते पाय ना. तीन साहेब गाडी करून आलते, जनावर पाहाचं होतं, अन् तू खुळखुळ वाजवत म्होरं. मोर सुदा दिसला नाई. त्यातल्या राकेश साहेबाचं तोंड उतरलं होतं. ते लोक नाल्याजवळ चहा प्याले बसले तवा तुले म्या बाजूले घेतलं, म्हनलं, भाऊ, एवढ्या वळनापुरते काढ. तू दोन खेपा नाई म्हनला. मंग म्या म्हनलं, उद्यापासून मी दुसरा मानूस पायतो — तवा तू काठी धरून उभा राह्यला, अन् म्या दोरा सोडला. तुनं हात लावला नाई. तुझ्या हातानं नाई सुटले ते, ते मले माहीत हाय. पन अस्वल तिथंच त्या वळनावर बसलं असन हे कोनाले माहीत होतं? पिल्लू होतं संग तिच्या. तू मले मांगं ढकललं. कायले ढकललं? म्या सांगतलं होतं का ढकलाले?

अन् मी पळालो असं नको समजू. गाडीकडं गेलो, मदत आनाले. आता पाय इचार केला तर तुझंच शिकवनं कामी आलं — घुंगरू माझ्या खिशात होते, पळताना असे वाजत होते का बस, अन् म्हनूनच ते माझ्या मांगं नाई आलं. थेट वाजत होते गाडीपर्यंत. साहेब म्हनले कायचा आवाज हाय, म्या खिसा दाबून धरला. तुले ऐकू आलं असन ना? तू खाली होता तवा. तो फुटका एक, लांब जाता जाता...

काहून डोळे असे करते? दुपट्टा नीट घे. पानी पाहिजे का? नळीनं पेते ना तू, नळी नाई इथं.

एक सांगू, फेकून द्याचे होते मले. वैनगंगेच्या पुलावर दोन खेपा गेलो, हात बाहेर काढला अन् परत आलो. घरी ठेवले तर आमची पोरगी खुशी वाजवाले लागली, अन् आवाज आला का मी जेवता जेवता उठून बाहेर निंगतो, बायको म्हनते डॉक्टरले दाखवा. म्हनून इथं गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवले, चिंधीत बांधून. हे पाय. सहाच्या सहा. काठी देत नाई, पन हे ने. मले नको आता. फक्त काठीले बांधू नको, अन् कोनाले दाखवू नको. चूपचाप घरी जा अन् कोठीच्या मांगं टाकून दे, भिताडाच्या फटीत. चार दिसानं वहिनीले झाडताना सापडते. ती म्हनन, हे पाय, घरीच होते मेल्या. मंग तिचं शोधनं तरी संपन, तुलेही बरं, मलेही बरं. समजलं? मुंडी हालव. हालव ना. असं काहून बसला? धर. खिशात टाक.

वाजवू नको. वाजवू नको म्हनलं ना, बाजाराचा दिवस हाय, लोक पायते. एकडाव झालं, बस झालं. महागूभाऊ. पुन्हा नको. तीनडाव कोनासाठी वाजवते, इथं कोनतं अस्वल बसलं हाय?

कोन हाय दारात? या ना, या, बूट पाहाचे का — वहिनी. तुमी. झाली का भाजी इतक्या लवकर? बसा ना, स्टुलावर बसा. हे? हे दुकानातलेच हायेत, नवीन माल आला, भाऊले दाखवत होतो. नाई, फुटका नाई तो, तसाच आवाज हाय त्याचा. चिंधी? चिंधी अशीच पडली होती. त्याच्याकडं काय पायता, वहिनी, त्याले कुठं बोलता येते. मुंडी तर तो रोजच हालवते. माझ्याकडं पाहा ना, मी सांगतो. म्हंजे झालं असं का त्या दिवशी... काठी पाहिजे का? घ्या, थांबा, मी काढून देतो, हे घ्या, घेऊन जा. बांधून देऊ? राहू दे, तो बांधते. बांध बाबा. आता निंगा, दोघंही निंगा, मले दुकान बंद करा लागते.

वहिनी, तिथं पायरीवर नका बसू. घरी जा. भैयालाल, तू कायले थांबला, तुझं काय काम हाय इथं, जा ना. जा म्हनतो. महागूभाऊ, दारात उभा राहून ते वाजवू नको.