उरलेल्या अपडेटमधली गाणी

रांगेतल्या शिक्षिकेने मोबाईल बाजूला ठेवून पुढचं बोलणं ऐकायला कान दिला. पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचा लॅपटॉप दुरुस्तीवाल्यासमोर उघडा होता.

“आजोबा, ही जुन्या अपडेटची उरलेली फोल्डरं. नुसती जागा अडवतात. उडवू?”

“उडवा हो दादा. यांना मेली अडगळच प्रिय!”

“थांबा! ते शेवटचं नको.”

“का? काय पुरून ठेवलंय त्यात?”

“तुझी गाणी.”

“माझी?”

“भांडी घासताना म्हणतेस ती, गुपचूप रेकॉर्ड केलेली. तुला कळलं असतं तर पुसायला लावली असतीस. म्हटलं, असल्या विचित्र नावाच्या फोल्डरात कोण डोकावतंय!”

“आजोबा, असली फोल्डरं कॉम्प्युटर आपणहून पुसतो कधीकधी.”

“अगं बाई! आणि सगळी बेसूरच असतील.”

“आहेतच.”

“ऐकलंत ना, दादा? गाणी दोन ठिकाणी ठेवा. यांचा काही भरवसा नाही.”