क्रेनवरचे जावईबापू

डोळ्याची बाहुली मोठी करणारं औषध आत पडलं की लांबचं दिसतं, पण हातातलं घड्याळ वाचता येत नाही. म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात एक बाई डोळे मिटून बसली होती. शेजारच्या बाकावर दोन मित्र बोलत होते. एक क्रेन चालवणारा, दुसरा त्याला खालून हातांनी खुणा करणारा; चेष्टेने वरचा जावई, खालचा सासू.

“जावईबापू, डोळे मिटा. थेंब गालावर आलाय.”

“सासूबाई, इथे तरी टोमणे आवरा.”

“केबिनमध्ये बसून लाड तुमचे होतात, खाली उन्हात मी. मारणारच टोमणे.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? गेलेली नजर परत येणार नाही.”

“मला कधीच कळलं होतं. पूर्वी बोट हलवलं की थांबायचास. आता दोन्ही हात पसरून नाचतो मी. तुला काय वाटलं, व्यायाम करतोय?”

“साहेबांना सांगणारच होतो. पोरीचं लग्न होऊ दे म्हटलं.”

“झालं की. आता नातू चालायला लागला.”

“काल ती तुळई तुला लागली?”

“खांद्याला घासून गेली.”

“ओरडला नाहीस ते?”

“सासू जावयावर ओरडते होय?”

कोणीच हसलं नाही. क्रेनवाल्याने चाचपडत मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

“ऐक रे,” क्रेनवाला म्हणाला, “उद्यापासून मी वर चढणार नाही.”