गाठीच्या वर की खाली

दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या कानांवर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं.

“ताई, आईच्या गुलाबाला कोंब फुटलाय.”

“भर उन्हाळ्यात बुडापर्यंत छाटलंस तू त्याला. तो कसला फुटतोय?”

“शपथ. लालचुटूक कोंब आहे.”

“कुठून फुटलाय? कलमाच्या गाठीखालून असेल तर तो जंगली. आईचा गुलाब गेलाच समज.”

“ते नाही गं बघितलं.”

“तेवढंच बघायचं असतं, शहाणे. लाव नवऱ्याला फोन.”

“अहो, गुलाबापाशी जा. आधी चष्मा घाला. कोंब गाठीच्या वर आहे की खाली?”

आतून बाळाचा नंबर पुकारला, तरी ती उठेना.

“वर? नक्की? ताई, वर आहे गं.”

“मग रोज सकाळी पाणी घाल. आणि ती कात्री माझ्याकडे आणून दे.”