गोळाभात अन् तापट तारे

हसू नका राजेहो, पण रविवारपासून मी घरात जरा जपून बोलून राह्यलो. माह्या वर्गातला विलास जेवाले आलता, बंगलोरवाला. दहावीत मी पह्यला होतो, हा दुसरा. आता मी पुसदले विज्ञान शिकवतो अन् हा ताऱ्यायवर संशोधन करते. वर्षभर मागून मले जो गोळाभात भेटला नाही, तो बायकोनं याच्यासाठी केला!

विलास जेवता जेवता सांगे, "वहिनी, तरुण तारे भल्ले तापट असतात. पृष्ठभाग पाच हजार अंश, अन् बाहेरचं वातावरण लाखाच्या वर. ते अतिनील प्रकाशात दिसते. पण आपली हवा तो प्रकाश अडवते, म्हणून दुर्बीण उपग्रहावर ठेवा लागते."

मले चान्स भेटला. म्हटलं, "म्हणजे तू सोताच्या डोयानं काहीच नाही पाह्यलं!"

"नाही ना बे," म्हणून तो मस्त हसला.

बायकोनं माह्याकडे पाह्यलंच नाही. म्हणते, "पण भाऊजी, चुलीपासून दूर गेलं की आच कमी होते. मंग तारा बाहेरूनच जास्त गरम काहून?"

त्याचा घास हातातच राह्यला. "वा वहिनी! आम्ही सारे इथंच अडकलो. पक्कं कारण अजून कोणालेच माहीत नाही." अन् मले विचारते, "तुले कधी पडला बे हा प्रश्न?"

इतकी वर्षं पोरायले सूर्य शिकवला, नाही पडला. माहे कान तापले. "त्यात काय एवढं!" म्हणून मी ताटावरून उठलो.

मांगून बायको म्हणे, "ताऱ्यायचं कारण तुम्ही शोधा भाऊजी. ह्यायचं मले माहीत हाय."