वरद रडला नाही

...नाही हो, टोचत वगैरे काही नाहीत, तुमच्या छकुलीला घाबरवू नका. एक ओली टोपी घालतात डोक्यावर, तिच्यातून बाळाचा मेंदू कसा चालतो ते कॉम्प्युटरवर दिसतं, बस. आमच्या वरदची आत्ताच काढली — ती रेवा केस पुसतेय त्याचे. मीच पुसणार होते, तर म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर बसा, दमला असाल." मी कशानं दमणार? सगळं तर तीच करते! कॉलेजातली पोरगी, शिकता शिकता इथे बाळांवरच्या संशोधनाला मदत करते. लग्न नाही, मूल नाही — आणि मला सांगते बाळाला कसं धरायचं! घरी वरद साधी कानटोपी घालू देत नाही. हिनं गाल फुगवून फुर्रर्र केलं की बसतो राजासारखा. मीही केलं हो घरी फुर्रर्र — तोंड फिरवलं त्यानं.

आणि आजचा तो खेळ! तुम्हालाही सांगतील. आधी बाळाशी खेळायचं, मग एकदम चेहरा कोरा करायचा — हसायचं नाही, बोलायचं नाही. बाळं कावरीबावरी होतात म्हणे, रडतात. मी बसले तशी. आता ओठ काढेल, आता रडेल... काय केलं असेल त्यानं? एकदा बघितलं माझ्याकडे, आणि वळला. कॅमेऱ्यापाशी रेवा उभी होती — तिच्याकडे हात पसरून खिदळला! मी विचारलं, "रडला का नाही गं?" तर म्हणे, "प्रत्येक बाळ वेगळं असतं, ताई." गोड बोलायला हिचं काय जातंय? मला कळत नाही का — त्याला सवय आहे माझ्या त्या कोऱ्या चेहऱ्याची. कळंबोलीचं ऑफिस उरकून विचुंब्याला घरी पोचते, सासूबाई त्याला मांडीवर देतात, आणि मी... मोबाईल बघत बसते. जीव नसतो हो अंगात. तो बघतो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे, मग रांगत जातो आजीकडे.

हे तुम्हाला कशाला सांगतेय मी कोण जाणे.

आली बघा. झोपलाय तिच्या खांद्यावर. दे गं इकडे — अगं, दे म्हटलं ना! उठला तर उठू दे. रडला तर रडू दे, मी आहे ना, आई आहे मी त्याची!

...तुम्ही काय बघत बसलात? तुमचा नंबर आलाय. जा आत.