कणकेचा नकाशा

पूनम : आणि ही हळद? अख्खा डबा पालथा घातलास की गं!

सृष्टी : अख्खा नाही मम्मी, दोनच चमचे. रस्ता पिवळा पाहिजे.

पूनम : सोलापुरात कुठं पिवळा रस्ता बघितलास तू?

सृष्टी : नकाशात मोठा रस्ता पिवळाच असतो. भूगोलाच्या पुस्तकात बघ.

पूनम : मी आता भूगोल वाचत बसू? सहा दिवस दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायचे. एक रविवार मिळतो, तर उठून बघते तो कणीक संपलेली, निम्मं मीठ गायब, आणि फरशीवर हा चिखल.

सृष्टी : चिखल नाही. कणकेचा नकाशा. मीठ घातलं की वाळून दगडासारखा होतो. मोबाईलवर दाखवलं होतं.

पूनम : आणि पुठ्ठा? कूलरच्या खोक्याचा? त्यात वॉरंटीचं कार्ड होतं!

सृष्टी : काढून फ्रिजवर ठेवलंय.

पूनम : उपकार झाले. कधी द्यायचाय हा?

सृष्टी : उद्या.

पूनम : उद्या! आणि वाळणार कधी? शाळेचं पण मला काही कळत नाही. प्रोजेक्ट पोरांना, पुसापुशी आयांना. अहो, ऐकता का? तो मोबाईल ठेवा आणि पंखा मोठा करा. हिचा नकाशा वाळवायचाय.

जोतिराम : करतो की. लई झ्याक केलाय गं बाळ. ह्यी टाकी हाय व्हय?

सृष्टी : हो पप्पा, आपल्या इथली पाण्याची टाकी. शाम्पूच्या बाटलीचं टोपण आहे. आणि ही मुगाची झाडं. जिथं काड्यापेटी आहे तिथं सिटी बसमध्ये बसायचं. जिथं तूरडाळ आहे तिथं चालायचं.

पूनम : डाळ पण घेतलीस! बरं, नावं कुठायत? एक अक्षर नाही यावर. हा मार्कर घे. सात रस्ता, आसरा, जुळे सोलापूर, नीट लिही. नावांशिवाय बाई मार्क देतील का?

सृष्टी : नको. नावं नाही लिहायची.

पूनम : का नाही लिहायची?

सृष्टी : बाई नाही बघणार हा.

पूनम : मग कोण बघणार?

सृष्टी : लिहून काय उपयोग? तिला वाचता कुठं येतं?

पूनम : कुणाला?

जोतिराम : पूनम, जरा च्या टाकतीस का?

पूनम : चहा आत्ताच झालाय. सृष्टी, कुणाला वाचता येत नाही?

सृष्टी : पप्पा, सांगू?

पूनम : पप्पांना काय विचारतेस? अहो, ही तुम्हाला का विचारतीय?

जोतिराम : सांग बाळ. आता लपवून काय व्हनार हाय?

सृष्टी : आज्जीला.

पूनम : आज्जी वैरागला आहे. तिला सात रस्ता आणि आसरा कशाला पाहिजे?

सृष्टी : वैरागला नाही. आमच्या शाळेसमोर आहे. कस्तुराबाईंचं कडक भाकरी सेंटर आहे ना, तिथं भाकरी थापते, तिथंच राहते. शाळा सुटल्यावर नंदीशकाका रिक्षा घेऊन आधी दुसऱ्या शाळेला जातात. ते येईपर्यंत मी आज्जीजवळ बसते.

पूनम : कधीपासून?

सृष्टी : शाळा सुरू झाली तेव्हापासून.

पूनम : जूनपासून? आता नोव्हेंबर आला! म्हणजे रोज डबा निम्मा परत यायचा तो... अगं, जंताचं औषध पाजलं मी तुला! दोनदा!

सृष्टी : कडू होतं ते.

पूनम : गप्प बस. अहो, तुम्हाला हे माहीत होतं.

जोतिराम : व्हय.

पूनम : व्हय! नुसतं व्हय! पाच महिने तुमच्या आई ह्याच गावात आहेत, माझी पोर रोज त्यांच्या हातचं खातीय, आणि मला कुणी सांगायचं पण नाही?

जोतिराम : सांगनार हुतो. पन आईचं नाव काढलं की तू भांडी आपटतीस.

पूनम : मी भांडी आपटते?

जोतिराम : आपटतीस की. आतासुदिक ती परात कशी ठिवलीस बघ.

पूनम : मग नको आपटू? जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत तुमच्या आईनं पोर हरवली होती, विसरलात? दोन तास! तो माईकवरचा पुकारा, ‘आठ वर्षांची मुलगी, लाल स्वेटर’, अजून माझ्या कानातून जात नाही. बोलले मी त्यांना. कुणीही बोललं असतं.

जोतिराम : बोललीस त्येचं काय न्हाय. पन ‘तुमच्या हातात पोर देन्यापरीस रस्त्यावरच्या कुनाला बी दिलेली बरी’ म्हनालीस. चार शेजारनींच्या म्होरं.

पूनम : रागात म्हणाले. जा म्हटलं नव्हतं मी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पिशवी उचलून वैरागला निघून गेल्या, भावाकडं. आणि मला सांगा, एवढ्या गर्दीत कुणी पोरीचा हात सोडतं का?

सृष्टी : आज्जीनं नाही सोडला.

पूनम : काय?

सृष्टी : हात मी सोडला. मोठा पाळणा बघायला पळाले. आज्जी मागनं हाका मारत होती. मला ऐकू येत होतं, तरी पळाले.

(कुकरची शिट्टी होते. कुणीच उठत नाही.)

पूनम : हे तेव्हा का नाही सांगितलंस?

सृष्टी : सांगणार होते. पण आज्जी म्हणाली, ‘तुझी आई लई भ्यालीया. आता तुला हानंल. तू बोलू नगंस. मला म्हातारीला काय हानती व्हय ती?’

जोतिराम : ह्ये मला बी ठाव नव्हतं.

पूनम : कसं असेल! ह्या घरात जो तो पोटात ठेवून गप्प बसलाय. आणि ओरडणारी मी एकटी वाईट.

जोतिराम : वाईट कोन म्हनतंय तुला?

पूनम : तुमच्या आई म्हणत असतील. भाकरी थापता थापता त्या बायकांना सांगत असतील की, सून कशी आहे ते. सृष्टी, खरं सांग. आज्जी माझ्याबद्दल काय म्हणते?

सृष्टी : काही नाही.

पूनम : काहीतरी म्हणतच असेल.

सृष्टी : विचारते, मम्मीचं डोकं अजून दुखतं का. सुंठ उगाळून लाव म्हणते.

पूनम : आणि?

सृष्टी : आणि काही नाही. मग मी म्हटलं, तूच ये ना घरी. तर म्हणाली, ‘तुमी नव्या घरात ऱ्हायला गेलाव. तितली वाट मला कुटं ठाव हाय?’ म्हणून मी नकाशा केला.

पूनम : अगं वेडे, मोठी माणसं तसं नुसतं म्हणतात. वाट माहीत नाही म्हणून कुणी यायचं थांबतं का?

सृष्टी : मग कशानं थांबतं?

पूनम : ते... अहो, तुम्ही सांगा हिला.

जोतिराम : म्या काय सांगू? तीन डाव गेलो गाडीवर आनायला. येकच इचारती, ‘पूनमनं पाठीवलं का?’

पूनम : मग?

जोतिराम : मग काय, खोटं कसं बोलू? येतो तसाच माघारी.

पूनम : बोलायचं होतं एकदा खोटं! एवढं पाच महिने जमलं की तुम्हाला!

जोतिराम : तुझ्याशी जमतंय. आईला लगेच कळतंय.

पूनम : आणि ह्या वयात भाकरी थापायला कशाला लागायचं? भावानं नको म्हटलं का?

जोतिराम : मामानं लई आडवलं. पन कस्तुराबाईचं सेंटर सृष्टीच्या शाळंम्होरं हाय, त्ये कळालं आन दुसऱ्या दिशी यस्टीत बसली. भाकरीचं निस्तं निमित्त हाय गं.

पूनम : कुकर बंद करा आधी. डाळ खाली लागली असेल. आणि सृष्टी, तो पुठ्ठा इकडं आण. सरळ धर. हे काय केलंस? आसऱ्याचा पूल ठीक आहे. पुढं टाकी उजव्या हाताला कशी? डावीकडं आहे की ती.

सृष्टी : मला उजवीकडंच दिसते.

पूनम : रोज त्याच रस्त्यानं येतेस आणि उजवीकडं?

सृष्टी : रिक्षात मी उलट्या तोंडानं बसते ना.

पूनम : आज्जी काय उलट्या तोंडानं चालत येणार आहे? काढ ते टोपण. थांब, ओढू नको, रस्ता फाटेल. दे मला. कणीक किती सैल मळलीस ही! अशी मळतात का? अहो, पीठ आणा मूठभर.

जोतिराम : कनीक सपली म्हनालीस की.

पूनम : ज्वारीचं आणा! सगळं मीच सांगायचं?

सृष्टी : मम्मी, तू चिडलीस?

पूनम : चिडले. तुझ्यावर, ह्यांच्यावर, आज्जीवर. आज दिवसभर चिडलेलीच राहणार आहे. हात चालव तू. आणि गर्दीत परत कुणाचा हात सोडलास तर बघ. आपलं घर कुठलं यात?

सृष्टी : ही लाल टिकली.

पूनम : गल्लीत सगळी घरं सारखी. टिकलीनं काय कळणार? दारात काय आहे आपल्या?

सृष्टी : शेवगा.

पूनम : मग शेवगा लाव. शेंगा लोंबताना दाखव, म्हणजे लांबून ओळखेल.

जोतिराम : ह्ये घ्या पीठ. पन पूनम, नकाशा बघून ती येनार हाय व्हय?

सृष्टी : येणार. पण मम्मी, आज्जीनं विचारलं, कुणी पाठवला, तर?

पूनम : मी पाठवलाय म्हणून सांग.

सृष्टी : खोटं?

पूनम : खोटं कसं? माझी कणीक, माझी हळद, माझी डाळ. आणि ही टाकी कुणी बसवली आत्ता?

जोतिराम : बसली की नीट. झालं मग.

पूनम : झालं कसलं? टाकी डावीकडं, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. टाकी त्यांना दिसणारच नाही, सरळ पुढं निघून जातील. उजव्या हाताला काय आहे त्या वळणावर?

सृष्टी : पिठाची गिरणी.

पूनम : मग गिरणी लाव तिथं. तिचा आवाज पण येतो लांबून. आणि गिरणी सोमवारी बंद असते. मंगळवारी या म्हणावं.